नोंदीत न आलेली कणकण

प्रथम तारखा देतो. ज्या गोष्टीला तारीख नाही तिचे उत्तर देण्यास कोणाला भाग पाडता येत नाही, हे मी मुंबईस फोर्टमधील एका सॉलिसिटरच्या कचेरीत अकरा वर्षे कारकुनी करताना शिकलो आणि इस्राएलमधील डिमोनास आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहिताना विसरलो नाही.

शावुओतच्या आदल्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास: जंतू माझ्या आणि माझ्या मुलीच्या तोंडात गेला.
त्यानंतरचा तिसरा रविवार, सायंकाळी साडेचार: मला पहिल्यांदा कणकण आली.
त्यापुढचा मंगळवार, सकाळी नऊ: आमच्या वस्तीतील सरकारमान्य दवाखान्यात, ज्यास येथे सर्वजण ‘कुपा’ म्हणतात, पहिली भेट.
पुढील तीन मंगळवार, त्याच वेळी: दुसरी, तिसरी व चौथी भेट.
चौथ्या भेटीनंतरचा गुरुवार: बेर शेवाच्या इस्पितळात दाखल.
त्यानंतरचा सोमवार, सकाळी साडेअकरा: निदान. आजार ब्रुसेलोसिस, ज्यास जुने लोक माल्टाचा ताप म्हणत.
त्याच दिवशी, सव्वाबारा: मुलीला फोन.

आता जबाबदार व्यक्ती. पहिली, ज्या परिचारिकेने पहिल्या भेटीची नोंद लिहिली ती. दुसरे, ज्या डॉक्टरांनी ती नोंद चार वेळा वाचली आणि एकदाही थर्मामीटर मागितला नाही ते. तिसरे, कुपाचे व्यवस्थापक, ज्यांनी माझ्या तीन पत्रांना मिळून पाच ओळींचे उत्तर दिले. चौथा मी.

नावे मी तक्रार-अर्जात दिलेली आहेत. वरिष्ठांकडे चौकशी चालू असल्याने ती येथे छापणे योग्य होणार नाही. माझे नाव लपवण्याचे कारण नाही, ते त्या अर्जाखाली आहेच.

चमचा

शावुओत हा दुधादह्याचा सण. आमच्या जिन्यातील प्रत्येक घरात त्या दिवशी चीझकेक होतो. मला त्या पदार्थाविषयी आकस नाही, परंतु आपणही दुभत्या जनावरांच्या मुलखातून आलेले लोक आहोत, तेव्हा आपल्याकडचे काही व्हावे, असे मला वाटले. मला खरवस हवा होता. छत्तीस वर्षांत मी खरवस खाल्ला नव्हता.

मी येथील गिरणीच्या भांडारात नोकरीस होतो तेव्हा सालेम नावाचा एक बेदुइन अरब गृहस्थ माझ्या हाताखाली काम करीत असे. निवृत्तीनंतर त्याने शेळ्या पाळल्या. त्याला मी सांगून ठेवले होते. त्याने चिकाची बाटली स्वतः घरी आणून दिली आणि म्हणाला, “पिल्लू मेलेलं जन्मलं, म्हणून सगळा चीक तुम्हाला.” मी त्याचे आभार मानले. या माणसाने माझ्यापासून काहीही लपवले नाही. सर्वांत महत्त्वाचा पुरावा त्याने दारातच माझ्या हाती दिला होता. मला तो वाचता आला नाही, हा त्याचा दोष नव्हे.

माझी मुलगी यायेल सणासाठी पेताह तिक्वाहून आली होती. ती तिथे एका कचेरीत संगणकाचे काम करते. तिला तिसरा महिना चालू होता. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले होते, आणि सतत होणाऱ्या ओकाऱ्यांमुळे तिच्या पोटात काही ठरत नव्हते. माझी पत्नी रिबका हिने चिकात दूध, गूळ आणि वेलची घालून भांडे ओट्यावर ठेवले आणि चाळणीखाली पाणी तापत ठेवले. गूळ पुरेसा आहे की नाही हे पाहण्यासाठी मी चमचाभर घेतले.

“अहो, कच्चं आहे ते,” रिबका म्हणाली.

“गूळ बघतोय. त्याला शिजवून कसा बघणार?”

मग मी तोच चमचा यायेलला दिला. तिने चाखला, डोळे मिटले आणि म्हणाली, “ओद.” म्हणजे आणखी. ती आमच्या मराठीला हिब्रूत उत्तर देते, लहानपणापासून. पुन्हा, “ओद, अबा.” अबा म्हणजे बाबा. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती अन्न मागत होती. मी तिला चार चमचे दिले. रिबकाने भांडे ओढून घेतले आणि म्हणाली, “दोघं बाहेर व्हा. शिजू द्या.” मी तिला म्हणालो, “पोरगी खातेय तर खाऊ दे की. तू कशाला मध्ये येतेस?”

खरवस उत्तम झाला. वाफवलेला खरवस घरात आणखी तिघांनी खाल्ला. त्यांना काहीही झाले नाही.

साडेचार

कणकण म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. ती तापाच्या अलीकडे असते आणि थंडीच्याही अलीकडे असते. माझ्या बाबतीत हाडांच्या आत कोणीतरी वाळू चाळते आहे असे वाटे. दररोज सायंकाळी साडेचारला ती येई. पहाटेपर्यंत घामाने चादर भिजे, आणि त्या घामाला ओल्या गवतासारखा वास येई. सकाळी आठला मी स्वच्छ दाढी केलेला, फक्त थकलेला मनुष्य असे. कुपात वेळ मिळे ती सकाळी नऊची.

चार वाजले की माझे लक्ष घड्याळाकडे जाई. मी कोणाला सांगितले नाही, पण मी भीत होतो. ज्या माणसाने आयुष्यभर पत्रे लिहून माणसांना उत्तर द्यायला लावले, त्याला रोज साडेचारला एक पाहुणा येई आणि त्याला कोणत्या पत्त्यावर लिहावे हे ठाऊक नव्हते. मी दार लावून घेई. रिबका बाहेरून विचारी, “चहा आणू का?” आणि मी दात आवळून “नको” म्हणे, कारण तोंड उघडले असते तर दातांचा आवाज तिला ऐकू गेला असता.

पहिली भेट

रिबका माझ्याबरोबर आली. मी खुर्चीवर बसलो होतो. ती माझ्या मागे उभी होती आणि तिचा हात माझ्या पाठीवर होता. परिचारिकेने काय होते म्हणून विचारले. रिबका म्हणाली, “येश लो कणकण.” हिब्रूत ‘येश लो’ म्हणजे ‘त्याला आहे’. पुढचा शब्द आपला.

परंतु हिब्रूत ‘कान’ म्हणजे ‘येथे’. परिचारिकेने ऐकले: त्याला येथे, येथे आहे. तिने रिबकाचा हात माझ्या पाठीवर पाहिला. रिबका पुढे म्हणाली, “रोज, संध्याकाळी.” तेही तिने लिहून घेतले.

तीस-पस्तीस वर्षे ज्या घरात दोन भाषा एका ताटात जेवतात, तेथे कोणता शब्द कोणाचा हे कळेनासे होते. आमच्या घरात सर्वजण कणकण म्हणतात. यायेलही म्हणते. रिबकाला तो हिब्रू शब्द वाटत होता असे मी म्हणणार नाही. तो दुसऱ्या कोणाला कळणार नाही, हे तिच्या ध्यानातच आले नाही. माझ्याही आले नाही, आणि माझी चूक तिच्याहून मोठी. कारण डॉक्टरांच्या खोलीत हे घडले:

त्यांनी माझ्या कमरेवर बोट दाबले. “कान?”

“केन,” म्हणजे होय, मी म्हणालो. “कणकण.”

त्यांनी थोडे डावीकडे दाबले. “इथेही?”

“कणकण,” मी पुन्हा म्हणालो, आणि मनात म्हटले, आता तरी यांना समजले.

तापाला हिब्रूत ‘खोम’ म्हणतात हे मला ठाऊक होते. मी तो शब्द मुद्दाम वापरला नाही, कारण माझ्या मते मला ताप नव्हता, कणकण होती, आणि अर्जदाराने अचूक शब्द वापरावा असे मी इतरांना आयुष्यभर सांगत आलो आहे. पाठही दुखत होती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. जंतू तोपर्यंत कमरेच्या मणक्यात जाऊन बसला होता. पण ते नंतर कळले.

रुग्णाला आपल्या नोंदींची प्रत मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. ती प्रत आता माझ्यापुढे आहे. पहिल्या भेटीची नोंद अशी: “पाठदुखी, दोन ठिकाणी, संध्याकाळी वाढते. ताप नाही.” दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या भेटीला: “पूर्वीप्रमाणेच.” मलम, गोळ्या, गरम पिशवी. ‘ताप नाही’ हे शब्द कोणत्या मोजणीवरून लिहिले, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. हिब्रूत कान म्हणजे येथे. मराठीत ज्याला कान म्हणतात तो त्या खोलीत कोणाकडेही नव्हता.

शपथेवर खोटे

चौथ्या भेटीनंतरच्या गुरुवारी मी सायंकाळच्या प्रार्थनेला मशिदीच्या पायऱ्या चढताना पडलो. (सिनेगॉगला आम्ही जुने लोक अजून मशीदच म्हणतो. येथे जन्मलेली मुले हसतात.) बेर शेवाच्या इस्पितळात थर्मामीटर लावला तेव्हा पारा एकोणचाळीस अंश सेल्सियसच्या वर होता. मला दाखल करून घेणाऱ्या डॉक्टर लुडमिला ओडेसाहून आलेल्या होत्या. त्यांचे हिब्रू माझ्याहून कच्चे होते, आणि कदाचित म्हणूनच त्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारीत.

“न उकळलेलं दूध प्यायलात? शेळीचं, मेंढीचं?”

“नाही.”

“घरगुती पांढरं चीज? बाजारातून? कुणी दिलेलं?”

“डॉक्टर, आम्ही कोकणातले. आमच्या घरी दूध तीनदा उतू जातं तेव्हा आम्ही ते प्यायला घेतो.”

“खात्री?”

“शपथेवर.”

त्या क्षणी मी सत्य सांगत होतो. मला दुधाविषयी विचारले, मी दुधाविषयी उत्तर दिले. चीक म्हणजे दूध नव्हे. आपल्या भाषेत त्याला वेगळा शब्द आहे, त्याचा रंग वेगळा, दाटपणा वेगळा, आणि माझ्या डोक्यात त्याचा कप्पा वेगळा होता. माझ्या त्या अचूक उत्तरामुळे चार दिवस गेले. रक्त जंतू वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत ठेवले होते, आणि हा जंतू सावकाश वाढतो.

सोमवारी त्या आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. दाखल केल्यापासून त्या कधी बसल्या नव्हत्या. मी समजलो.

“ब्रुसेला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला खोटं सांगितलंत.”

“मी आयुष्यात शपथेवर खोटं बोललो नाही.”

रिबका खिडकीजवळ माझे शर्ट घडी घालत होती. तिने मान वर न करता मराठीत विचारले, “आणि तो चीक?”

मला आधी तिचा राग आला. मग चमचा आठवला. मग त्या चमच्यानंतरचा दुसरा, तिसरा, चौथा, आणि ते कोणाच्या तोंडात गेले होते ते आठवले. माझ्या पायांतून जे सरकत वर आले त्याला आपल्या भाषेत शब्द असेल तर मला तो आठवत नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, “माझी मुलगी गरोदर आहे.”

त्यांनी लिहिणे थांबवले.

सव्वाबारा

व्हरांड्यात कार्डाचा फोन होता. यायेलने पहिल्याच घंटीला उचलला.

“अबा? मा कारा?” काय झाले.

मी पाठ करून ठेवलेले वाक्य विसरलो. “यायेल, तुला कणकण येते का?”

ती मराठीत बोलली, आणि त्याने माझा धीर सुटला, कारण ती मराठी फक्त घाबरल्यावर बोलते. “येते. दोन आठवडे. संध्याकाळी. डॉक्टर म्हणाली, पोटुशी आहेस, होतं असं. तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी तिला सांगितले. चीक, शेळी, मेलेले पिल्लू, सगळे. पिल्लाचे सांगायला नको होते. पण अर्धा पुरावा देण्याची मला सवय नाही.

फोन तिच्या नवऱ्याने, गिलने घेतला. गिल येथे जन्मलेला, पोलिश आईबापांचा मुलगा, सौम्य माणूस. त्याने आजाराचे नाव एकेक अक्षर करून लिहून घेतले, मला धन्यवाद म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन महिने तो माझ्याशी बोललेला नाही. मी त्याच्या जागी असतो तर पत्र लिहिले असते. तो लिहीतही नाही.

ताप-तक्त्याच्या मागचे चित्र

मी डॉक्टर लुडमिलांना विचारले की हा जंतू करतो तरी काय. आरोपीची कार्यपद्धती कळल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यांनी ताप-तक्ता उलटा केला आणि पेनाने एक मोठे वर्तुळ काढले.

“ही तुमची पेशी. हिचं काम जंतूंना गिळायचं. गिळला की तो एका पिशवीत बंद. मग पिशवीत आम्ल सोडायचं, आणि पिशवी पचनाच्या रसांच्या दुसऱ्या पिशवीला जोडायची. जोडली की जंतू संपला. बहुतेक जंतू असे संपतात.”

“आणि हा?”

“हा स्वतःला मुद्दाम गिळू देतो. त्याला आतच जायचं असतं. आम्ल लागलं की मरायच्या ऐवजी त्याला कळतं, आपण आत पोचलो, आता काम सुरू. तो सुईसारखी एक नळी तयार करतो.” त्यांनी पिशवीच्या भिंतीतून एक रेघ ओढली. “त्यातून आपली प्रथिनं तुमच्या पेशीत टोचतो. मग ती पिशवी पचनाच्या पिशवीला जोडलीच जात नाही. ती वळते. कुठे? पेशी जिथे स्वतःची प्रथिनं बनवते त्या कारखान्यात. तिथे बसून तो वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार. तुमच्याच घरात, तुमच्याच सामानावर. हे सगळं आम्हालाही गेल्या काही वर्षांतच कळायला लागलंय.”

“पण शरीराला कळत कसं नाही?”

“दुसऱ्या जंतूंचं जे बाहेरचं आवरण असतं, साखरेचं आणि चरबीचं, त्याला हात लागला की शरीर आरडाओरडा करतं. याचं आवरण थोडं वेगळं आहे. घंटा वाजते, पण हळू. तोपर्यंत तो आत.”

मी फोर्टमध्ये असताना पोलीस-गाडीतून पळालेल्या आरोपींची प्रकरणे वाचली होती. गाडीत बसून गाडीचीच पाटी बदलणारा आणि ती पोलीस आयुक्ताच्या स्वयंपाकघरासमोर उभी करायला लावणारा आरोपी मी पाहिला नव्हता. त्याला राग नाही, हेतू नाही, तो कोणाचा शत्रू नाही. त्याला समन्स बजावता येत नाही. माझ्या आयुष्यातील सर्व हत्यारे त्याच्यापुढे निरुपयोगी होती. मी माझ्या कमरेला हात लावला आणि आत काय चालले असेल ते ऐकण्याचा प्रयत्न केला. काहीच ऐकू येत नाही. हेच सर्वांत भयंकर आहे.

मग मी तो प्रश्न विचारला. “शेळीचं पिल्लू का मरतं?”

त्यांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. “शेळीच्या वारेत एक विशिष्ट साखर असते. या जंतूला ती दुसऱ्या कुठल्याही साखरेपेक्षा आवडते. ती जिथे भरपूर, तिथे तो भरपूर. वार सडते, पिल्लू जातं.”

“आणि बाईच्या वारेत?”

“ती साखर बाईत जवळजवळ नसते, असं पुस्तक सांगतं.”

“म्हणजे धोका नाही.”

“असं मी म्हटलं नाही. बायकांचीही बाळं जातात. तो वारेत पोचतो. नेमकं कशामुळे, ते आम्हाला नीट माहीत नाही.” मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “जितक्या लवकर औषध, तितकं बरं. एवढं माहीत आहे.”

जितक्या लवकर. त्या शब्दांपाशी माझी सर्व गणिते थांबतात. पहिल्या मंगळवारी कोणी ‘कणकण म्हणजे काय हो?’ असे विचारले असते आणि रक्त घेतले असते, तर पुढच्या मंगळवारपर्यंत यायेलला कळले असते. तेव्हा तिला ताप सुरूही झाला नव्हता.

इस्पितळातील दिवस

सकाळी सहाला रक्त, सातला चहा, साडेआठला डॉक्टरांचा ताफा, दहाला दंडात इंजेक्शन. साडेचारला थर्मामीटर लावण्याचे वेळापत्रकात नव्हते, पण एक परिचारिका, मोरोक्कन आईची मुलगी, न सांगता त्या वेळी येऊ लागली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “तुमचा पाहुणा आला का?” आणि दातांची टकटक थांबेपर्यंत उभी राहिली. मी तिला आभाराचे पत्र लिहिले आहे. माझ्या फायलीत तसे ते एकच.

एक औषध असे होते की त्याने लघवी, घाम, डोळ्यांतील पाणी, सर्व नारिंगी होते. मला हे आधी सांगितले होते, रिबकाला नव्हते. तिने माझा रुमाल उचलला आणि म्हणाली, “हे काय, हळद कुठून लागली?” मग तिच्या लक्षात आले की रुमाल कशासाठी वापरला होता. ‘मी सांगितलं होतं, कच्चं आहे’ हे वाक्य तिने त्या दिवशी उच्चारले नाही आणि आजपर्यंत उच्चारलेले नाही. मी रोज त्याची वाट पाहतो. फक्त तिने घरात दही लावणे बंद केले आहे.

यायेलची तपासणी झाली. जंतू होता. तिला माझ्याप्रमाणे सर्व औषधे देता येत नव्हती, बाळामुळे. नारिंगी औषध मात्र तिलाही दिले. आठवड्याने तिचा फोन आला.

“अबा, मी कॉम्प्युटरसमोर रडले आणि शेजारची मुलगी म्हणाली, तुझा मेकअप उतरलाय.” ती हसत होती. मग म्हणाली, “तुम्ही पत्रं लिहिताय ना सगळ्यांना?”

“लिहितोय.”

“त्यात तुम्ही स्वतःला पण घातलंय, इमा म्हणाली.” इमा म्हणजे आई.

“घातलं आहे. न्याय आहे तो.”

“दाय, अबा,” ती म्हणाली. पुरे. “मीच मागितलं होतं. ओद म्हणून.”

हे ऐकून मला बरे वाटले असेल असे वाचकाला वाटेल. नाही वाटले. तिने मागितले कारण तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

आपल्यापैकी वृद्धांसाठी

आपली भाषा कुपात नेऊ नका, असे मी म्हणणार नाही. आजारी माणूस ज्या भाषेत कण्हतो तीच त्याची भाषा. परंतु बरोबर एक कागद न्या. ताप किती, कोणत्या वाजता, हे आकड्यांत लिहा. आकड्यांचे भाषांतर लागत नाही. ‘खोम’ हा शब्द पाठ करा, तुमच्या मते तो अचूक नसला तरी. तुमच्या देखत थर्मामीटर लावल्याशिवाय ‘ताप नाही’ असे लिहू देऊ नका. कोणी दुधाविषयी विचारले तर चीक, खरवस, लोणी, साय, सर्व सांगा. विचारणाऱ्याला तुमचे कप्पे ठाऊक नसतात. आणि कच्चे आहे असे घरातील बाई म्हणाली तर चमचा खाली ठेवा.

आजाराला लाज मानू नका. भीतीलाही नको. मी भीत होतो, अजून भितो. माझा मणका आता सुधारतो आहे, गोळ्या संपत आल्या आहेत, साडेचारला मी व्हरांड्यात बसून चहा पितो. हा आजार परत येऊ शकतो. तो बरा झाल्यासारखा वाटतो आणि पेशीच्या आत कोठेतरी बसून राहतो. पण माझ्यासाठी मी आता भीत नाही.

उत्तर

मी हे लिहितो आहे तेव्हा सुक्कोत हा शरदातला सण नुकताच संपला आहे. यायेलचे दिवस हनुक्काच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरात, भरतील. तिची औषधे झाली. ताप गेला. तिच्या रक्ताच्या शेवटच्या तपासणीतून जंतू पूर्ण गेला की नाही हे निश्चित सांगता येत नाही, असे पेताह तिक्वाच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. बाळ हलते. फोनवर ती मला कळवते: आज सकाळी दहा वेळा, आज दुपारी सहा वेळा. ज्या दिवशी फोन उशिरा येतो त्या दिवशी रिबका आणि मी एकमेकांकडे पाहत नाही.

कुपाच्या व्यवस्थापकांनी मला लेखी कळवले की घडल्या प्रकारात ‘भाषेची अडचण’ होती, रुग्णाने दुभाषी आणावयास हवा होता, आणि कुपापुरते प्रकरण बंद करण्यात आले आहे. मग त्यांनी स्वतः फोन केला. ते वाईट मनुष्य नाहीत. त्यांनी यायेलची चौकशी केली, ‘बेशाआ तोवा’ म्हणाले, म्हणजे शुभ घडीला होवो, जे येथे प्रत्येक गरोदर बाईसाठी म्हणतात. आणि पुढे म्हणाले, “बाळ सुखरूप होऊ द्या. मांडीवर घेतलंत की हे सगळं विसराल. तेव्हा आपण बसून बोलू.”

महाशय, हे वाक्य मी मान्य करीत नाही.

बाळ सुखरूप जन्मले तर तुम्ही म्हणाल, काही नुकसान झाले नाही, उत्तर कशाचे द्यायचे? आणि तसे झाले नाही, तर तुम्ही म्हणाल, कारण सिद्ध करता येत नाही, डॉक्टरांनाही नेमके ठाऊक नाही. दोन्ही बाजूंनी तुमची सुटका माझ्या नातवंडाच्या अंगावर घातलेली आहे. ते अजून जन्मलेले नाही आणि तुम्ही त्याला साक्षीला उभे करू पाहता.

जी चूक झाली ती त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजताच पूर्ण झाली होती. न मोजता ‘ताप नाही’ असे लिहिले गेले तेव्हाच ती पूर्ण झाली. नंतर काय होते यावर ती अवलंबून नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. आमच्या वस्तीच्या सभागृहात, लोकांसमोर, त्या परिचारिकेला पुढे न करता, तुम्ही स्वतः उभे राहावे आणि सांगावे की ताप न मोजता तो नाही असे कोणत्या अधिकाराने लिहिले गेले, आणि उद्या आणखी एखादी वृद्ध स्त्री आपला शब्द घेऊन तुमच्या खिडकीशी आली तर तुमचा माणूस तिला काय विचारील. हिब्रूत सांगा. मराठीत मी सांगेन. त्याच सभेत, तुमच्या आधी, त्या चमच्याबद्दल मला जो प्रश्न विचारायचा असेल तो कोणीही विचारावा. मी उभा राहून उत्तर देईन. गिलने यावे, अशी माझी विनंती आहे.

तुमचे उत्तर हनुक्काच्या आधी हवे. बाळ जन्मल्यानंतर दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.